सर्वांत आतला लखोटा

दिनांक १२ फेब्रुवारी २०२४, सोमवार, सकाळी साडेदहा वाजता, गिरगावातील एका धर्मादाय न्यासाच्या पोटमाळ्यावर, कापडिया चाळ रहिवासी संघाच्या ईमेल-पेटीची प्रत काढण्याचा पहिला प्रयत्न अयशस्वी झाला. उपस्थित तिघे होते: संघाचा मानद चिटणीस या नात्याने मी, माधव मयेकर, न्यासाचे व्यवस्थापक हितेंद्र चुरी, आणि सदतीस क्रमांकाच्या खोलीचे दिवंगत रहिवासी कोंडीराम कासारे यांचा मुलगा हर्षवर्धन. हर्षवर्धन वरळीच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळण्याचे काम करतो. आईच्या घरासाठी त्याने पाच दिवसांची रजा काढली होती.

कापडिया चाळ परळला होती. ती दोन वर्षांपूर्वी पाडली गेली आणि आम्ही सारे रहिवासी वडाळ्याच्या संक्रमण शिबिरात आलो. नव्या इमारतीत घर कोणाला द्यायचे, याची प्राथमिक यादी २०१८ सालीच लागली होती. तीत माझ्या खोलीपुढे ‘पात्र’ असे लिहिले होते आणि सदतीस क्रमांकापुढे ‘कुलूपबंद’. सर्वेक्षण करणारे ज्या दुपारी आले, त्या दुपारी कोंडीराम पहाऱ्याच्या नोकरीवर होता आणि कौसल्यावहिनी हॉस्पिटलात नंबर लावून बसल्या होत्या. तीन पिढ्या ज्या खोलीत जन्मल्या आणि वारल्या, ती खोली त्या एका कुलपामुळे कागदावर रिकामी ठरली.

यादीवर हरकत घेण्याची मुदत ३० सप्टेंबर २०१८ ही होती. पुनर्विकास कक्षाने तेव्हा परिपत्रक काढून स्पष्ट केले होते की, पुराव्याच्या कागदांसह जी हरकत रहिवासी संघाकडे मुदतीत ईमेलने पोहोचेल, ती कक्षाकडेच पोहोचली असे मानले जाईल. कोंडीरामने आपली हरकत २८ तारखेला संघाला पाठवली. संघाने, म्हणजे मी, ती ११ ऑक्टोबरला कक्षाकडे रवाना केली. परिपत्रकानुसार या विलंबाला काहीच महत्त्व नव्हते. तथापि कक्षाच्या दप्तरात ११ ऑक्टोबर हीच तारीख चढली आणि त्या तारखेशी आम्ही पाच वर्षे भांडत राहिलो. अखेरच्या अपिलाची सुनावणी १६ फेब्रुवारीला दादरला ठरली. नोटिशीत एकच अट होती: कोंडीराम कासारे यांनी संघाला पाठवलेला मूळ संदेश त्याच्या सर्व तारखांसह सादर करावा, छापील प्रत चालणार नाही.

तो मूळ संदेश जगात एकाच ठिकाणी उरला होता. कोंडीराम २०२१ च्या साथीत गेला. त्याचा मोबाईल हॉस्पिटलातून परत आलाच नाही, आणि त्याचे ईमेल खाते न वापरल्यामुळे बंद होऊन पुसले गेले. उरली ती संघाची पेटी. ती गिरगावच्या न्यासाच्या सर्व्हरवर होती. न्यासाने बारा लहान संस्थांना अशा पेट्या वापरायला दिल्या होत्या. आता ते यंत्र जुने झाले म्हणून १५ तारखेला, गुरुवारी सायंकाळी सहा वाजता, ते कायमचे बंद करण्याचा ठराव झाला होता. बाकी अकरा संस्थांच्या प्रती केव्हाच निघाल्या होत्या. त्या यंत्रावर आता केवळ रोजची ये-जा चालू होती. आमची प्रत निघत नव्हती.

“काका, तेवीस टक्क्यांवर परत बसला,” हर्षवर्धन म्हणाला.

“बसला म्हणजे काय झाले?”

“हात वर केले त्याने. रिसोर्स लिमिट. म्हणतो, माझ्याकडे द्यायला काही उरलं नाही.”

“परंतु आपण त्याच्याकडे नवीन काही मागितलेले नाही. जे त्याच्याकडे आहे त्याचीच प्रत मागतो आहोत.”

“प्रत काढायची तर मेल उघडायला लागतो ना. एका गिऱ्हाइकाने, म्हणजे आपल्या प्रोग्रॅमने, एका वेळी किती मेल उघडे धरायचे, ते ठरलेलं असतं. इथे अडीचशे. त्याच्यावर एक मागितला की हा सगळंच बंद करतो.”

“आपला प्रोग्रॅम एक संदेश उघडतो, उतरवून घेतो आणि बंद करतो, असे तूच मघाशी सांगितलेस. मग अडीचशे उघडे राहतात कसे? तुझ्या दोन विधानांत विसंगती आहे.”

“विसंगती आहेच काका. तीच शोधतोय.”

हितेंद्र चुरी खुर्चीत मागे रेलून ऐकत होते. “मयेकर, आता तुम्ही सर्व्हरशीपण वाद घालणार का?”

“वाद घालावा इतका तो सुसंगत नाही,” मी म्हणालो. हर्षवर्धन हसला. त्या आठवड्यात मी त्याला हसताना पाहिले ते तेवढेच.

सोमवारी त्याने आणखी चार वेळा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी पडद्यावरची पट्टी तेवीस टक्क्यांपर्यंत सरके, क्षणभर थांबे आणि लाल होई. त्याने वेग कमी करून पाहिला, यंत्र बंद करून चालू केले. मी शेजारी बसून प्रत्येक प्रयत्नाची वेळ आणि परिणाम वहीत लिहून घेत होतो. त्याचा काही उपयोग होता असे नाही. पण चाळीस वर्षे मुद्रणालयात मुद्रिते तपासताना नोंद ठेवल्याशिवाय मी कोणतेही काम केलेले नव्हते.

मंगळवारी त्याने पद्धत बदलली. संपूर्ण पेटी एकदम मागण्याऐवजी त्याने एकेक कप्पा मागायला सुरुवात केली. प्रत्येक खोलीच्या नावे मी पेटीत स्वतंत्र कप्पा केलेला होता. खोली एक, खोली दोन, खोली तीन. प्रती सुरळीत निघत गेल्या. दुपारपर्यंत ऐंशी कप्प्यांपैकी एकोणऐंशी त्याच्या लॅपटॉपवर उतरले होते. ‘खोली ३७’ हा एकच कप्पा मागितला की सर्व्हर नकार देत होता.

हर्षवर्धन पडद्याकडे पाहत राहिला. आपल्याच घराचा आकडा तिथे असणे हा त्याला योगायोग वाटला असावा. मग त्याने तो कप्पा उघडला.

“काका, ह्याच्यात एकच मेल आहे.”

“बरोबर आहे.”

“पाच वर्षांची केस आणि एकच मेल? बाकीचे कुठे गेले?”

मी त्याला संघाच्या पत्रव्यवहाराचा नियम समजावून सांगितला. नियम मी स्वतः घालून दिलेला होता, आणि तोपर्यंत मला त्याचा अभिमान होता. कागदी फाइलमध्ये नवे पत्र आले की ते जुन्यावर ओवले जाते, दोरा एकच राहतो, सुटा कागद हरवतो म्हणून कागद सुटा ठेवायचा नसतो. तीच शिस्त मी ईमेलला लावली. प्रत्येक नवे पत्र पाठवताना आदल्या पत्राचा अख्खा संदेश त्याला जोडायचा. नव्यात जुने सामावले, म्हणून जुने काढून टाकायचे. अशा रीतीने सर्वांत अलीकडच्या एका पत्रात आरंभापासूनचा सारा व्यवहार असतो. कोणी अधिकारी मागील संदर्भ मिळाला नाही असे म्हणू शकत नाही.

“म्हणजे मेलच्या पोटात मेल,” हर्षवर्धन सावकाश म्हणाला. “त्याच्या पोटात मेल. त्याच्या पोटात अजून एक.”

“लखोट्यात लखोटा, असे म्हण.”

“किती लखोटे?”

मी जावक नोंदवहीत सदतीस क्रमांकाचे पान उघडून शेवटचा अनुक्रमांक पाहिला. “दोनशे अठ्ठ्याऐंशी.”

खाली रस्त्यावर कोणीतरी हातगाडी उलटी वळवत होते आणि मागच्याला शिव्या घालत होते.

“आतला उघडायचा तर बाहेरचा उघडा धरायला लागतो काका. सगळ्यात आत जाईपर्यंत दोनशे अठ्ठ्याऐंशी उघडे. आणि लिमिट अडीचशे.”

“इतर खोल्यांनाही हाच नियम होता. त्या कशा उतरल्या?”

“त्यांची कामं वीस-तीस पत्रांत झाली. आमचं झालं नाही.” तो उठून जिन्याकडे गेला आणि तेथूनच म्हणाला, “पप्पांचा मेल सगळ्यात आत असणार.”

“आहेच. पहिला तोच.”

बुधवारी सकाळी त्याने सर्व्हरची मर्यादा अडीचशेवरून चारशेवर नेली. मला वाटले होते की हा एक आकडा बदलला की प्रश्न संपेल. तसे झाले नाही. मर्यादा हा केवळ आकडा नव्हता. त्या यंत्राची जेवढी ताकद, तेवढीच ती होती. पट्टी एकेचाळीस टक्क्यांवर गेली, यंत्राचा पंखा मोठ्याने घरघरू लागला आणि सगळेच गोठले. पाच मिनिटांत हितेंद्र चुरींचा फोन वाजला. एका बालवाडीच्या बाईंची पत्रे जात नव्हती. मग एका वाचनालयाचा फोन आला.

“बस करा,” हितेंद्र म्हणाले. “तुमच्या एका कप्प्यासाठी मी अकरा संस्था बंद ठेवू शकत नाही. मला वर उत्तर द्यायला लागतं.”

“तासभर ठेवा,” हर्षवर्धन म्हणाला. “बाकीच्या पेट्या तासभर थांबवल्या तर मशीनला जागा होते. मग चारशेचं लिमिट त्याला झेपेल.”

“आज नाही. उद्याही नाही. उद्या शेवटचा दिवस, उद्या तर सगळ्यांचीच घाई.”

मी हितेंद्र चुरींना न्यासाच्या घटनेतील कलम दाखवले, मग त्या कलमाचा अर्थ दाखवला, आणि मग त्यांनी लावलेला अर्थ कसा चुकीचा आहे तेही दाखवले. ते शांतपणे ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, “मयेकर, तुमचं म्हणणं बरोबर असेल. पण मी नाही म्हणतोय.”

गुरुवारी सकाळी अकरा वाजता कौसल्यावहिनी आल्या. वडाळ्याहून बस बदलत आल्या होत्या. पोटमाळ्याचा जिना उभा आहे. त्या प्रत्येक पायरीवर थांबत वर चढल्या आणि शेवटच्या पायरीवरच बसल्या. त्यांना कोणी बोलावले नव्हते.

“हर्षा, जेवलास का तू काल?”

“जेवलो गं आई. तू कशाला आलीस?”

“बघायला आले.” त्यांनी यंत्राकडे बोट केले. “भावोजी, ह्यांचं पत्र ह्या पेटीत आहे?”

“आहे, वहिनी.”

त्या उठल्या, यंत्राजवळ गेल्या आणि त्याच्या कडेवर हात ठेवला. “गरम आहे हो.” मग हितेंद्रांकडे वळून, तक्रारीचा सूर न लावता, त्या म्हणाल्या, “दोन दिवस लागले होते त्यांना मोबाईलवर लिहायला. एकेक अक्षर शोधायचे. झाल्यावर मला वाचून दाखवलं, मग पाठवलं. उद्या साहेबांपुढे ते पत्र पाहिजे.”

हितेंद्र चुरींनी चष्मा काढून पुसला. “दोन ते तीन,” ते म्हणाले. “तीन वाजता मी सगळ्यांच्या पेट्या चालू करणार. तुमचं झालेलं असो वा नसो.”

दोन वाजता अकरा पेट्या थांबवण्यात आल्या. हर्षवर्धनने मर्यादा पुन्हा चारशेवर नेली आणि प्रत काढायला आरंभ केला. पट्टी एकेचाळीसवर पोहोचली तेव्हा मी वहीत वेळ टिपली. ती बेचाळीसवर गेली. पुढे ती इतकी हळू सरकत होती की थांबली की चालू आहे हे कळण्यासाठी मला घड्याळाचा आधार घ्यावा लागे. कौसल्यावहिनी पायरीवर बसून डब्यातली भाकरी मोडत होत्या; त्यांनी हितेंद्रांनाही अर्धी दिली. दोन वाजून एक्कावन्न मिनिटांनी पट्टी भरली.

“आला,” हर्षवर्धन म्हणाला. त्याने डोळ्यांवर दोन्ही तळवे दाबून धरले आणि बराच वेळ काढले नाहीत.

वहिनींना खाली चहाला पाठवून आम्ही ते लखोटे उघडायला बसलो. लॅपटॉपला मर्यादेची अडचण नव्हती. बाहेरचे काही लखोटे जानेवारी २०२४ चे, त्यांच्या आत डिसेंबरचे, त्यांच्या आत नोव्हेंबरचे. प्रत्येक पत्राच्या तळाशी माझे नाव आणि हुद्दा होता. २०२१ च्या मे महिन्यातले पत्र आले. त्यात मी अर्जदाराच्या निधनामुळे वारसाचे नाव दाखल करण्याची विनंती केली होती. हर्षवर्धनने ते वाचले नाही, पटकन पुढे गेला. २०२०, २०१९. मागे मागे जाताना माझी वाक्ये काही बदलत नव्हती. दोनशे अठ्ठ्याऐंशीपैकी एकाही पत्राने कोणत्याही अधिकाऱ्याच्या मनात काही हलवले असेल, असे मला त्या दुपारी वाटले नाही.

मग सर्वांत आतला लखोटा उघडला. प्रेषक: कोंडीराम कासारे. पाठवल्याची तारीख: २८ सप्टेंबर २०१८, सायंकाळी पाच बेचाळीस. सोबत दोन कागद: लाइटबिल आणि रेशनकार्ड.

“आहे काका. आहे. तारीख पण आहे.”

मी मजकूर वाचू लागलो. ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराचे कुटुंब सदर खोलीत तीन पिढ्यांपासून अखंड वास्तव्यास असून, सर्वेक्षणसमयी अपरिहार्य कारणास्तव दारास कुलूप होते...’

हे वाक्य कोंडीरामचे नव्हते. ते माझे होते.

मला सारे एकदम आठवले, असे म्हणणे खोटे ठरेल. आधी ते वाक्य आठवले, मग ते लिहितानाचे समाधान आठवले आणि शेवटी कृत्य आठवले. कोंडीरामचे पत्र आले तेव्हा मला ते अधिकाऱ्यापुढे ठेवण्याजोगे वाटले नव्हते. ते अर्जासारखे नव्हते. कोणी गॅलरीत उभे राहून बोलावे तसे होते. मित्राचे हसे होऊ नये, या हेतूने मी ते पत्र त्याच्याच संदेशात उघडले, त्यातला मजकूर खोडून नीट रचून लिहिला, वाकडे जोडलेले कागद काढून सरळ करून पुन्हा जोडले आणि संदेश जतन केला. मुद्रिते तपासणारा हाच धंदा आयुष्यभर करतो: मजकूर सुधारायचा आणि नाव लेखकाचेच ठेवायचे. त्या सुधारणेत अकरा दिवस गेले होते. मुदतीची मला काळजी नव्हती. परिपत्रक आमच्या बाजूने होते.

“काका,” हर्षवर्धन म्हणाला, “ही दुसरी तारीख कसली? बदलाची तारीख. ९ ऑक्टोबर २०१८.”

मी त्याच्याकडे पाहिले. चार दिवसांत त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे आली होती.

“एका कप्प्यातून दुसऱ्यात हलवला, तेव्हाची असेल,” मी म्हणालो.

“नुसता हलवला तर ही तारीख बदलत नाही सहसा.” त्याने पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली. “जुना सर्व्हर आहे, काय सांगता येत नाही. पाठवल्याची तारीख मेन आहे.”

मी त्याला दुरुस्त केले नाही. माणसांची विधाने दुरुस्त करण्यात माझे आयुष्य गेले, आणि त्या एका विधानापुढे मी गप्प बसलो.

सायंकाळी सहा वाजता हितेंद्र चुरींनी यंत्राचे बटण दाबले. पंखा फिरत फिरत थांबला.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी. दादरच्या त्या कार्यालयात सुनावणीची खोली लहान होती. खिडकीला लागून फायलींचे गठ्ठे. सुनावणी अधिकारी मध्यमवयीन बाई होत्या. त्यांचे वागणे सभ्य होते, आणि त्या कोणालाही मध्ये तोडत नव्हत्या, हे मला येथे नमूद केले पाहिजे. हर्षवर्धनने लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. त्यांच्या तांत्रिक सहायकाने संदेश तपासला, तारखा कागदावर उतरवल्या आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

“पाठवल्याची तारीख मुदतीतली आहे,” अधिकारी म्हणाल्या. हर्षवर्धनचा हात टेबलाखाली आईच्या हातावर गेल्याचे मला दिसले. “बदलाची तारीख मुदतीनंतरची दिसते. जोडलेल्या कागदांचीही तीच. याचा खुलासा कोण करील?”

“मेल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवला होता मॅडम,” हर्षवर्धन म्हणाला. “चिटणीस काकांनी.”

“चिटणीस आपण?”

“होय,” मी म्हणालो.

त्या पुढे काही विचारणार तोच कौसल्यावहिनी बोलल्या. “बाई, ते पत्र एकदा वाचून दाखवता? त्यांचं आहे ना. पाच वर्षं झाली, ऐकलं नाही.”

अधिकाऱ्यांनी सहायकाला खूण केली. त्याने वाचायला सुरुवात केली. उपरोक्त विषयास अनुसरून. अखंड वास्तव्य. अपरिहार्य कारणास्तव. वहिनी मान किंचित कलती करून ऐकत होत्या, ओळखीचा आवाज गर्दीतून शोधावा तशा. वाचन संपले तरी त्या तशाच बसून होत्या.

“ह्यात डाग कुठे आहे?” त्यांनी विचारले.

“कसला डाग?”

“भिंतीवरचा. ते लिहिलं होतं त्यांनी. हे पत्र दुसरं कुणाचं तरी आहे, बाई.”

“आई, थांब,” हर्षवर्धन म्हणाला.

“थांब काय? मला पाठ आहे ते.” आणि त्या सांगू लागल्या. आवाज त्यांचाच होता, पण थांबण्याच्या जागा कोंडीरामच्या होत्या. “साहेब, मी कोंडीराम कासारे. सदतीस नंबरवाला. तुमची माणसं आली तेव्हा मी ड्युटीवर आणि आमची मालकीण हॉस्पिटलात. दाराला कुलूप होतं म्हणजे घर रिकामं नव्हतं साहेब. आत आमचं सगळं होतं. भिंतीला माझ्या बापाच्या पाठीचा तेलकट डाग आहे. गिरणीतून आला की तिथे टेकून बसायचा. चुना मारला तरी डाग वर येतो. एकदा येऊन बघा म्हणजे कळेल आम्ही किती वर्षं आहोत. लाइटबिल आणि रेशनकार्ड जोडलंय.”

तो डाग मी शेकडो वेळा पाहिला होता. त्या भिंतीला पाठ लावून मी चहा प्यालो होतो. आणि ते वाक्य अर्जात शोभत नाही, असा निर्णय घेऊन मीच ते काढले होते. भिंत आता नव्हती.

हर्षवर्धन माझ्याकडे पाहत होता. त्याने काही विचारले नाही. विचारले असते तर मला बरे वाटले असते.

“मजकूर मी बदलला,” मी म्हणालो. “९ ऑक्टोबरला. कागदही काढून पुन्हा मीच जोडले. परंतु ते तेच कागद होते. संदेश मुदतीत आला होता, आणि त्यासोबत हेच दोन कागद होते, हे मी शपथेवर सांगतो. परिपत्रकाच्या तिसऱ्या परिच्छेदानुसार संघाकडे पोहोचलेली हरकत...”

“परिपत्रक मला माहीत आहे,” अधिकारी म्हणाल्या. “मुदतीत आलेल्या संदेशात त्या दिवशी काय होतं, हे दाखवणारं काही आहे का आपल्याकडे?”

“मी आहे.”

“बदल करणारे आपणच. आपला शब्द कसा घेऊ मी?”

हा युक्तिवाद बिनतोड होता. मी त्यात फट शोधली आणि मला सापडली नाही.

“मी सांगितलं ते लिहून घ्या ना,” कौसल्यावहिनी म्हणाल्या. “एकही शब्द चुकला नाही माझा.”

“नसेल चुकला, आई,” अधिकारी म्हणाल्या. त्यांनी पेन उचलले होते. ते त्यांनी काही क्षण तसेच धरून ठेवले. “पण आठवण मला नोंदीत घेता येत नाही.”

हर्षवर्धनने लॅपटॉप मिटला. त्याने आईच्या खांद्यावरून घसरलेला पदर नीट केला, तिची पिशवी स्वतःच्या हातात घेतली आणि तिला उठायला आधार देऊ लागला. निर्णय अजून झालेला नव्हता. तरी तो उठला. वहिनी मात्र बसूनच राहिल्या. त्या अधिकाऱ्यांच्या पेनाकडे पाहत होत्या.

अधिकाऱ्यांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या, सही केली, शिक्का उमटवला आणि मान वर केली.

“खोली क्रमांक सदतीस,” त्या म्हणाल्या. “अपात्र.”